कंबर, गुडघे आणि निरगुडीचं तेल : जुन्या दुखण्यावर आयुर्वेद काय सांगतो



या महिन्याचा अभ्यासपाठ अंगदुखीवर आहे. विषय मी निवडला नाही, तुमच्या वह्यांनीच निवडला. लावणी संपली की गटांच्या कर्जनोंदी बघताना कारणाच्या रकान्यात "औषधपाणी" हा शब्द सारखा दिसायला लागतो. कसलं औषधपाणी म्हणून विचारलं की उत्तरं ठरलेली. कंबर, गुडघे, खांदा, टाच. दिवस दिवस चिखलात वाकून रोप लावायचं, तेही संपलं की खारघर-कामोठ्याला घरकामाला जायचं, संध्याकाळी पाणी भरायचं. दुखणार नाही तर काय होणार! दुखणं अंगावर काढायची आपल्याला सवय आहे. पण दुखण्यापायी चुकीच्या जागी पैसा जातो आणि कधी कधी जिवावरही बेततं. म्हणून हा पाठ. सीआरपी ताईंनी तो दोन बैठकांत वाचून दाखवावा, एका बैठकीत उरकू नये.

आधीच सांगते, मी समाजकार्य शिकलेली आहे, वैद्य नाही. इथे लिहिलेलं वाचून कुणी पोटात घ्यायचं औषध सुरू करू नये. तेल, शेक, खाणंपिणं, आणि कुणाकडे कधी जायचं, एवढ्यापुरताच हा पाठ आहे.

पनवेल आणि आयुर्वेद

आपलं पनवेल आयुर्वेदाला नवीन नाही. १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिक यांनी इथे औषधं बनवायचा कारखाना काढला, तो म्हणजे धूतपापेश्वर. दीडशे वर्षं होऊन गेली. त्याआधी वैद्य औषध स्वतः कुटायचे, उकळायचे आणि ओळखीच्या रोग्याला द्यायचे. कारखाना आल्यावर तेच औषध बाटलीत भरून, नाव लिहून दूर गावी जायला लागलं. यात सोय झाली, पण एक गोष्ट निसटली. बाटली विकत घेणाऱ्याची नाडी कुणी पाहिलेली नसते. दोन बायकांचे गुडघे सारखेच दुखत असले तरी आयुर्वेदात दोघींचं औषध उलटं असू शकतं. ते कसं, हे पुढे येतंच.

वात म्हणजे काय

आयुर्वेद म्हणतो, वेदना कुठलीही असो, वात बिघडल्याशिवाय ती होत नाही. सुश्रुतांनी हे स्पष्ट सांगितलंय. चरकांनी वाताचे ८० विकार मोजले, त्यात पाठ, मांडी, गुडघा, टाच असं जवळजवळ सगळं अंग येतं. कंबरेतून पायात कळ जाते त्याला गृध्रसी म्हणतात, कारण माणूस गिधाडासारखा लंगडत चालतो. डॉक्टर त्यालाच सायटिका म्हणतात. वात म्हणजे पोटातला गॅस नव्हे. शरीरात जे जे हलतं, वाहतं, ते चालवणारी शक्ती म्हणजे वात, अशी ती कल्पना आहे. कोरडेपणा, गारठा आणि अतिश्रम यांनी ती बिघडते. म्हणून इलाज काय, तर स्निग्धता, ऊब आणि विश्रांती. तेल आणि शेक यांचं मूळ इथे आहे.

आता ग्रंथांत वात बिघडायची कारणं बघा. अतिकष्ट, जागरण, उपास, कोरडं शिळं खाणं, चिंता, आणि लघवी-शौचासारखे वेग अडवून धरणं. चरकांनी असे १३ वेग सांगितलेत जे अडवू नयेत. मी ही यादी एका बैठकीत वाचून दाखवली तेव्हा बायका हसायलाच लागल्या. म्हणे, हे तर आमचं वेळापत्रकच झालं. शेतावर आडोसा नाही म्हणून सकाळपासून दुपारपर्यंत लघवी धरायची, धरायला लागू नये म्हणून पाणीच कमी प्यायचं. सगळ्यांचं झालं की उरलेलं खायचं. आठवड्यात दोन उपास. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर कोकणातली मजूर बाई नसणार, पण यादी आपल्यालाच लागू पडते. आणि या यादीतलं निम्मं काही तेलाने सुटणारं नाही. शेताच्या बांधावर आडोसा करणं, चार जणींनी मिळून मालकाकडे त्याची मागणी करणं, हाही कंबरदुखीवरचा इलाजच आहे असं माझं मत आहे.

दोन गुडघे, दोन आजार

हा भाग नीट वाचा. सगळ्या पाठात हाच महत्त्वाचा आहे.

एक दुखणं म्हणजे संधिवात, ग्रंथात त्याला संधिगत वात म्हणतात. वय झालं, वजन वाढलं, वर्षानुवर्षं उकिडवं बसून आणि ओझी वाहून सांधा झिजला. गुडघा करकर वाजतो, काम केलं की दुखतो, बसलं की जरा बरं वाटतं, सकाळी आखडलेला असतो पण थोडं चाललं की मोकळा होतो. इथे तेल चालतं. तेल आणि शेक हाच पहिला इलाज.

दुसरं दुखणं आमवात. आठव्या शतकाच्या सुमारास माधवकर नावाच्या वैद्यांनी आपल्या माधवनिदान ग्रंथात त्याचं वेगळं प्रकरण लिहिलं. पचन बिघडून न पचलेला चिकट भाग अंगात राहतो, त्याला आम म्हणतात, आणि तो वाताबरोबर सांध्यात जाऊन बसतो, असं त्यांचं म्हणणं. हाताच्या बोटांचे, मनगटाचे सांधे सुजतात, बहुतेकदा दोन्ही हातांचे सारखेच. सकाळी तास-तासभर मूठ वळत नाही. अंगात कसर राहते, जेवणावरची वासना जाते. आजचे डॉक्टर ज्याला रुमेटॉईड म्हणतात तो आजार याच्या खूप जवळचा आहे.

आणि आमवातात तेल चोळायचं नाही. आयुर्वेदच नको म्हणतो. तिथे आधी हलकं खाणं, सुंठीचं पाणी आणि कोरडा शेक, म्हणजे गरम वाळूची पोटली. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. बोटं सुजली की शेजारीण तेलाची बाटली घेऊन येते आणि जोर लावून रगडते. सूज आणखी वाढते. मग "आयुर्वेदिकने काही होत नाही" म्हणून बाटली फेकून देतात.

रुमेटॉईडचा संशय असेल तर उपजिल्हा रुग्णालयात जाऊन रक्त तपासून घ्या, आणि लवकर घ्या. पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध मिळालं तर बोटं वाकडी होण्यापासून वाचतात. एकदा वाकडी झाली की कुठल्याच तेलाने आणि कुठल्याच गोळीने सरळ होत नाहीत. डॉक्टरांनी सुरू केलेली गोळी "आता आयुर्वेदिक घेतेय" म्हणून मधेच सोडू नका. दोन्हीकडे दोन्ही औषधं दाखवा.

तेल कसं लावायचं, शेक कसा घ्यायचा

आपल्या बाईच्या अंगाला नीट तेल लागतं कधी? बाळंतपणात सव्वा महिना, नाहीतर दिवाळीच्या पहाटे. बाकी वर्षभर डोक्याला लागेल तेवढंच. आयुर्वेदात अभ्यंग म्हणजे रोजचं तेल लावणं. रोज नको, आठवड्यातून दोन-तीनदा तरी कंबर, गुडघे, पोटऱ्या आणि तळपाय यांना लावा. साधं तिळाचं तेल पुरतं. तारा गावातलं युसुफ मेहेरअली सेंटर, १९६१ पासूनचं, अनेकींना माहीत आहे. तिथे घाणीचं तेल, साबण असे ग्रामोद्योग चालत आलेत. अशा घाणीचं तेल मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर दुकानातलं शुद्ध तिळाचं चालेल. महागड्या बाटलीची गरज नाही.

तेल कोमट हवं. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, थेट गॅसवर नको. लांब हाडावर वरून खाली, सांध्यावर गोल गोल, हलक्या हाताने. जोर लावून कडकड आवाज काढणं म्हणजे मालिश नव्हे. दहा-पंधरा मिनिटं झाली की शेक घ्या आणि मग गरम पाण्याने अंघोळ. पोटभर जेवणानंतर, ताप असताना किंवा सुजलेल्या लाल सांध्यावर लावू नका.

निरगुडी आपल्याकडे ओढ्याकाठी, बांधावर भरपूर आहे. काही जणी तिला निगडी म्हणतात. एका देठाला तीन ते पाच पानं, मागून पांढुरकी, निळसर जांभळी फुलं आणि चोळलं की उग्र वास. तेल घरी बनवायचं तर जुनं माप असं आहे : वाटलेला लगदा एक भाग, तेल चार भाग, रस किंवा काढा सोळा भाग. म्हणजे पाव लिटर तेलाला साधारण ६० ग्रॅम पानांचा लगदा आणि एक लिटर पानांचा रस किंवा काढा. मंद आचेवर पाणी पूर्ण आटेपर्यंत उकळायचं, सतत ढवळायचं. झालं की नाही ते कसं ओळखायचं? तळाचा लगदा बोटात घेऊन वळला तर वात वळली जाते, आणि ती वात विस्तवावर धरली तर तडतड होत नाही. तडतडली म्हणजे आत पाणी आहे, असं तेल चार दिवसांत खवट होतं. वेळ लागतो, घाई केली तर तेल उडून हात भाजतो. लहान मुलं चुलीपासून लांब ठेवा.

शेकासाठी निरगुडी, एरंड आणि शेवग्याची पानं चिरून थोड्या तेलावर परतायची, सुती फडक्यात बांधायची, झाली पोटली. तव्यावर गरम करून आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघायची. ज्यांना साखरेचा आजार आहे आणि तळपायाला बधिरपणा आहे त्यांनी पायाला शेक घेऊच नये. भाजलेलं त्यांना कळत नाही आणि ती जखम भरत नाही.

एरंडेल तेलाचं जुन्या वैद्यांना फार कौतुक. आमवात हा अंगाच्या रानात फिरणारा हत्ती, तर एरंडेल हा त्याला मारणारा सिंह, अशी उपमा ते देतात. पण हा सिंह वैद्याला विचारूनच घरात घ्यावा. एरंडेल जुलाब करतं आणि गरोदर बाईला कळा आणू शकतं.

कटिबस्ती म्हणजे उडदाच्या पिठाची पाळ कंबरेवर करून त्यात कोमट तेल धरून ठेवणं. चांगला उपाय आहे, पण तो पंचकर्म शिकलेल्या माणसाकडून करून घ्यायचा. त्यासाठी कर्ज काढून पाकिटं विकत घेऊ नका. खारघरला आयुर्वेद महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, मुंबईत वरळीला सरकारी पोदार रुग्णालय आहे. आधी तिथे विचारा. आपल्या उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारीही बरेचदा आयुर्वेदाचीच पदवी घेतलेले असतात, आणि तिथे पैसे लागत नाहीत.

बिब्बा घालणं आणि डाग देणं मात्र आता सोडूया. बिब्ब्याच्या चिकाने कातडी सोलते, फोड येऊन चिघळतात. ग्रंथात बिब्बा आहे, पण शुद्ध केल्याशिवाय नाही.

याने खरंच फरक पडतो का?

तपासून बघितलेलं थोडं सांगते. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात घरोघरी जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी सुरू केली. मोठ्या माणसांत साधारण १८ टक्के लोकांना असं दुखणं निघालं. म्हणजे दर पाच-सहा जणांत एक. गुडघ्यांबद्दल त्यांनीच पुढे मोठी चाचणी केली, ती २०१३ मध्ये छापून आली. ४४० रुग्ण, २४ आठवडे. काहींना सुंठ, गुळवेल, आवळा, सालई आणि गुग्गुळ यांची आयुर्वेदिक औषधं, काहींना ग्लुकोसामाईन, काहींना सेलेकॉक्सिब ही दुखण्याची गोळी. कुणाला काय दिलं ते रुग्णालाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. आयुर्वेदिक औषधांचा उपयोग बाकी दोन्हींच्या बरोबरीचा निघाला.

पण त्याच चाचणीत सात जणांच्या यकृताची एक रक्ततपासणी वाढलेली सापडली. त्रास काही नव्हता, औषध थांबवल्यावर ती पूर्ववत झाली. करोनाच्या काळात गुळवेलाचा काढा महिनोन्महिने पिणाऱ्या काही जणांना कावीळ झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये लिहिलं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद झाला. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की ज्याच्यात काम करायची ताकद आहे त्याच्यात बाधायचीही ताकद असते. "झाडपाल्याचं आहे, अपाय नाही" हे वाक्य मला अजिबात आवडत नाही. धोतराही झाडपालाच आहे.

जादूची पुडी

आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं ते. आठवडी बाजारात, रस्त्याकडेच्या तंबूत, कधी घरी येऊनही "आयुर्वेदिक" म्हणून बिनलेबलाची पुडी विकतात. दोन दिवसांत गुडघा थांबतो. थांबणारच, कारण अशा कितीतरी पुड्यांमध्ये स्टेरॉईड किंवा दुखण्याची इंग्रजी गोळी कुटून मिसळलेली असते. झाडपाल्याने दहा-वीस वर्षांचा गुडघा दोन दिवसांत थांबत नाही. एका गावातल्या मावशींनी अशी पुडी वर्षभर घेतली. चेहरा गोल सुजला, सगळे म्हणाले तब्येत सुधारली. मग साखर वाढली, पायावरची जखम भरेना. दवाखान्यात गेल्यावर पुडीचा उलगडा झाला. तोवर गटाचं कर्ज दोनदा काढून झालं होतं.

कुणी अशी पुडी महिनोन्महिने घेत असेल तर ती आज रात्री फेकून देऊ नका. स्टेरॉईड अचानक बंद केलं तर चक्कर, उलट्या, रक्तदाब खाली जाणं, जिवालाही धोका. उरलेली पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू कमी करून देतील.

विकत घेतलेल्या आयुर्वेदिक औषधावर कारखान्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, बनवल्याची तारीख, मुदत आणि घटक हवेतच. काहींवर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे असा इशाराही असतो. कारण त्यात बचनाग किंवा पाऱ्यासारखे जहाल घटक शुद्ध करून घातलेले असतात. अशी औषधं शेजारणीला बरं वाटलं म्हणून घ्यायची नाहीत. गुग्गुळाच्या गोळ्या गरोदर बायकांनी आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्यांनी वैद्याशिवाय घेऊ नयेत. थायरॉईडची गोळी चालू असेल तर अश्वगंधा आणि गुग्गुळ दोन्ही विचारूनच.

बऱ्याच गटांनी विचारलं, आपण निरगुडीचं तेल बनवून प्रदर्शनात विकूया का? घरात वापरा, शेजारणीला वाटीभर द्या. पण "सांधेदुखीवर गुणकारी" लिहून विकायचं तर ते औषध होतं आणि त्याला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना, जागा, तज्ज्ञ माणूस सगळं लागतं. ते झाल्याशिवाय लेबल छापू नका.

थांबायचं नाही अशी दुखणी

पावसाळ्यात चिखलात काम केलेल्या बाईला ताप आला, पोटऱ्या सपाटून दुखायला लागल्या, डोळे लाल झाले, तर तो वात नाही, लेप्टो असू शकतो. तेल लावत बसू नका, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. कंबरदुखीबरोबर पाय बधिर झाले किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला तर रात्र असली तरी निघा. रात्री झोपेतून उठवणारं पाठीचं दुखणं, वजन उतरणं, संध्याकाळचा बारीक ताप असेल तर मणक्याचा टीबी तपासावा लागतो. डाव्या खांद्यात, जबड्यात कळ आणि दरदरून घाम आला तर शेक नको, १०८ ला फोन. आणि चिकुनगुनियानंतर सांधे काही महिने दुखत राहतात, तेव्हा घाबरून पाच डॉक्टर बदलू नका.

पुढच्या बैठकीसाठी

प्रत्येकीने घरात दुखण्यासाठी जे काही वापरतात ते घेऊन यावं. गोळ्या, तेलाच्या बाटल्या, पुड्या, मलम, रिकामी पाकिटंसुद्धा. सतरंजीवर मांडू आणि एकेकाचं लेबल वाचू. ज्यावर लेबल नाही त्याचा वेगळा ढीग करू. आशाताईंना आणि शक्य झालं तर उपकेंद्राच्या डॉक्टरांना बोलावलं आहे. सचिवांनी वहीत लिहून ठेवावं : गेल्या वर्षभरात आपल्या गटातलं किती कर्ज दुखण्यापायी गेलं, आणि ते कुठे गेलं. नावं लिहायची गरज नाही, आकडा पुरे.